अनाथ बालकाच्या पालनकर्त्यास

म्हातारी सेयिलकान जाऊन चाळीस दिवस झाले, तिच्या चाळिसाव्याला घोडी कापली होती. अंगणात दोन चुली पेटलेल्या, बायका परातीभोवती बसून तळायच्या बोरसोकची कणीक लाटत होत्या, आणि नेमकी तेव्हाच वेनेरा टपालवाली फाटक ढकलून आत आली. खांद्यावर पिशवी, चेहरा दुःखाच्या घराला शोभेल असा, हातात लांबट, शिक्क्याचं पाकीट. पाकिटावरचं मोठ्याने वाचायची वेनेराला सवय होती. त्यात तिचा वाईट हेतू नसायचा. टपाल म्हणजे सगळ्या गावाचंच, असं तिला मनापासून वाटायचं. तिने वाचलं, "अनाथ बालक जुमाकादिर उलू बायस्तान याच्या पालनकर्त्यास."

लाटणी थांबली. बायस्तान तिथेच होता, चुलीत शेणी सारत होता. त्याने मान वर केली, वेनेराकडे पाहिलं आणि पुन्हा शेणी सारायला लागला.

गुलसायराने पिठाच्या हातांनीच ते पाकीट हिसकावून घेतलं. तळपायाची आग मस्तकात गेली होती तिच्या. अनाथ म्हणे. ज्याला अनाथ म्हटलं त्याचा बाप पलीकडे उभा राहून घोडीचं मांस वाटत होता, आणि त्याची आई इथे कणकेत कोपरापर्यंत बुडालेली होती. पण हे ती कुणाला आणि कसं सांगणार? गावाला ते ठाऊकच होतं, आणि सरकारला सांगायची सोय सासूने, सेयिलकानने, ठेवली नव्हती.

झालं होतं असं, की गुलसायराला पहिलं मूल झालं तेव्हा ती जेमतेम एकोणीस वर्षांची होती. आदल्या उन्हाळ्यात सेयिलकानचा धाकटा मुलगा नदीच्या पुरात घोड्यासकट वाहून गेला होता. तेव्हापासून म्हातारी धड जेवत नव्हती, बोलत नव्हती, दिवसभर दाराकडे बघत बसायची. पहिलं नातवंड आजीआजोबांनी आपलं म्हणून वाढवायचं, ही रीत त्या खोऱ्यात घरोघरी आहे आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. बहुतेक घरांत ते तोंडीच असतं. सेयिलकानने मात्र काम पक्कं केलं. मूल घरीच जन्मलं होतं. गावच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला तिने एक मेंढी दिली आणि जन्माच्या दाखल्यावर आईच्या जागी स्वतःचं नाव लावून घेतलं, बापाच्या जागी नवऱ्याचं; जुमाकादिर उलू, म्हणजे जुमाकादिरचा मुलगा. गुलसायराच्या नवऱ्याचा, मेलिसचा मुलगा कागदावर मेलिसच्या बापाचा मुलगा झाला. पन्नाशीला टेकलेल्या बाईला मूल कसं झालं, हे विचारायला कुणी आलं नाही. रडणाऱ्या घरात बाळ आलं होतं, लोकांना तेवढं पुरे होतं.

गुलसायराला कुणी विचारलं नाही, आणि तिनेही नाही म्हटलं नाही. दूध पाजायला बाळ तिच्याकडे यायचं. सासू ते तिच्या मांडीवर ठेवायची, तोंड दुसरीकडे करून बसायची. "तुझ्या दिराला भूक लागलीये," म्हणायची, आणि पोट भरलं की उचलून न्यायची. सासू दुष्ट होती असं नाही. सुनेला तिने कधी उपाशी ठेवलं नाही, कधी हात उगारला नाही, सहा वर्षांनी बेगिमाय झाली तेव्हा ती सुनेला बिनबोभाट ठेवू दिली. बायस्तानच्या बाबतीत मात्र तिने एक कणही सोडला नाही. सुनेने सासरच्या माणसांची नावं घ्यायची नाहीत, दिराचंही घ्यायचं नाही, म्हणून स्वतःच्या मुलाचं नाव गुलसायराने कधी तोंडातून काढलं नाही. ती त्याला शिंगरू म्हणायची. सुना धाकट्या दिरांना अशीच नावं ठेवतात. तो तिला जेने म्हणायचा, म्हणजे वहिनी. बापाला बाइके म्हणायचा, म्हणजे दादा. आणि आजीला आपा, म्हणजे आई.

सासऱ्यामागून सेयिलकानही गेली तेव्हा गुलसायरा मनापासून रडली. पण रडता रडता तिच्या मनात एक गोष्ट येऊन बसली होती आणि तिची तिलाच लाज वाटत होती. आता तो माझा होईल, असं तिला वाटत होतं. मागायला नको, ओढायला नको. एखाद्या दिवशी जेवताना आपसूक त्याच्या तोंडून निघून जाईल, आपा. त्या एका शब्दाची ती चाळीस दिवस वाट बघत होती, आणि आलं ते हे पाकीट.

आत लिहिलं होतं, की सदर बालकाचे माता व पिता दोघेही मयत असून ते कायदेशीर पालनकर्त्याविना राहत असल्याचे निदर्शनास आले आहे. जवळच्या नातेवाइकांनी जिल्ह्याच्या बालकल्याण कार्यालयात अर्ज करावा, अन्यथा बालकास शासकीय निवासात हलवण्यात येईल. खाली गोल शिक्का आणि सही, तीही छापील.

मेलिस गवताचा ट्रक चालवायचा. डोंगरातल्या घसरड्या वाटेवर रात्री-बेरात्री ट्रक घालायला तो भीत नसे, पण शिक्क्याचा कागद दिसला की त्याचं अवसान गळायचं. त्याने पत्र दोनदा वाचलं आणि चुलीत टाकलं. आपल्याला मिळालंच नाही म्हणायचं, तो म्हणाला. गुलसायरा म्हणाली, वेनेराने अख्ख्या गावासमोर वाचलंय, मिळालं नाही म्हणून कुणाला सांगणार? त्यावर तो ट्रकखाली जाऊन काहीतरी आवळत बसला.

पण सरकारी यादीत नाव चढलं की ते उतरत नाही, आणि यादी मुकाट पडून राहत नाही. दुसरं पत्र आलं, मग तिसरं, त्यावर लाल शिक्का. मग सही करून घ्यायची पत्रं यायला लागली, आणि वेनेरा दारात पेन धरून उभी राहायला लागली. "मी काय करू बाई, माझ्या हातात काय आहे?" असं ती दर वेळी म्हणायची आणि दर वेळी चहाला थांबायची. हिवाळ्याच्या तोंडावर अनाथ बालकांसाठीचे बूट घेऊन जाण्याची सूचना आली. मेलिस ते घेऊन आला, नाही म्हटलं तर आणखी चौकशी होईल म्हणून. बूट दोन मापं लहान निघाले. नव्या वर्षाला मिठाईची रंगीत पिशवी आली, तिच्यावर छापलं होतं, 'अनाथ बालकांना सप्रेम'. बायस्तानने ती न उघडता बहिणीपुढे सरकवली. बेगिमायने चॉकलेटं खाल्ली आणि आईला विचारलं, "मी कधी अनाथ होणार?" गुलसायराने तिला अशी एक ठेवून दिली की पोरगी रात्रभर हुंदके देत होती, आणि आई दुसऱ्या खोलीत पडून ते ऐकत होती.

शाळेतही ते पोचलं. अनाथ मुलांना जेवण फुकट, म्हणून बाईंना वर्गात यादी वाचावी लागायची, आणि यादीत एकच नाव होतं. बायस्तान घरी येऊन काही बोलला नाही. तो तसाही फार बोलत नसे. म्हातारीच्या खोलीत, म्हातारीच्याच गादीवर झोपायचा, आणि गादी उन्हात टाकू द्यायचा नाही. दर शुक्रवारी मात्र जेनेच्या मागे लागायचा, की आपासाठी तेल चढव. मेलेल्यांना तळणीचा वास पोचतो म्हणतात. गुलसायरा कढई चढवायची, बोरसोक तळायची, तो शेजारी हात पसरून दुवा म्हणायचा, आणि तेवढा वेळ तरी तो तिच्याजवळ बसतो म्हणून ती पीठ जरा जास्तच मळायची.

एकदा तो शाळेत असताना तिने हिय्या करून ती गादी उचलली. कुबट वास सुटला होता, उवा झाल्या असत्या. गादीखाली पाकिटं होती. सगळीच नव्हती, पण बरीच होती, त्यातलं एक कडेने जळालेलं. मेलिसने चुलीत टाकलेलं ते त्याने बाहेर ओढून काढलं होतं. गुलसायरा तिथेच जमिनीवर बसली. पोराला किती लाज वाटत असेल, तिला वाटलं. कुणी बघू नये म्हणून अंगाखाली घेऊन झोपतोय. आजवर तिला त्या पत्रांचा राग यायचा तो स्वतःसाठी. त्या दिवशी तो पोरासाठी आला, आणि तो राग निराळा होता. तिने पाकिटं होती तशी ठेवली, गादी होती तशी टाकली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याला न सांगता जिल्ह्याच्या गावी जाणाऱ्या गाडीत बसली.

बालकल्याण कार्यालयातल्या बाईचं नाव मीरगुल होतं. वय फार नव्हतं, पण डोळ्यांखाली काळं आलेलं आणि टेबलावर फायलींची भिंत उभी. तिने फाईल काढली आणि विचारलं, मुलाच्या तुम्ही कोण?

"आई," गुलसायरा म्हणाली. हा शब्द तिने त्याच्या बाबतीत आयुष्यात पहिल्यांदा वापरला होता. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

"आई वारलीये. इथे लिहिलंय."

"ती माझी सासू."

मीरगुलने पेन खाली ठेवलं. अशी भानगड तिला नवी नव्हती. उसासा टाकून तिने कोरा कागद पुढे ओढला आणि म्हणाली, सुरुवातीपासून सांगा. मुलाचं नाव?

गुलसायराने तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. नाव जिभेवर होतं, पण पुढे सरकेना. तिने पदर सारखा करावा तसा डोक्यावरचा रुमाल सारखा केला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. शेवटी मीरगुलनेच फायलीत बघून म्हटलं, बायस्तान. गुलसायराने मान हलवली.

"मुलाचं नाव सांगता येत नाही तुम्हाला?"

"दिराचं नाव घेत नाहीत आमच्यात," गुलसायरा म्हणाली, आणि बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं.

मीरगुल हसली नाही, त्यातल्या त्यात एवढं बरं. तिने मग नीट समजावून सांगितलं. एक मार्ग सोपा. भावाची बायको म्हणून अर्ज करायचा, पालनकर्ती व्हायचं. चार कागद आणले की झालं. पण मग मूल अनाथच राहणार, फाईल चालू राहणार, आणि पत्रं अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत येत राहणार, आता तुमच्या नावाने. दुसरा मार्ग कोर्टाचा. रक्त तपासायचं, जन्माचा दाखला खोटा होता हे सिद्ध करायचं, म्हातारीचं नाव खोडायचं, तुमचं लावायचं. मग मूल अनाथ नाही, फाईल बंद, पत्रं बंद.

"दुसरा," गुलसायरा म्हणाली. विचार करायला तिला क्षणही लागला नाही.

"मुलाला विचारलंत?"

"त्यात विचारायचं काय?"

दहा वर्षांवरच्या मुलाचं म्हणणं आम्हाला लिहून घ्यावं लागतं, मीरगुल म्हणाली. समिती घरी येईल, राहणीमान बघेल, त्याला विचारेल. तो हो म्हणाला तर कोर्टाचं काम पोरखेळ आहे. आणि नाही म्हणाला तर? ते गुलसायराने विचारलं नाही आणि मीरगुलने सांगितलं नाही.

घरी आल्यावर मेलिसला सांगावंच लागलं. तो चहा निवेपर्यंत वाटी हातात धरून बसला. मग म्हणाला, आईला मातीत जाऊन वर्ष झालं नाही आणि तू तिला कोर्टात खोटी पाडायला निघालीस. गुलसायरा म्हणाली, खोटं मी लिहिलं नव्हतं. गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, तो म्हणाला. आत्ता आहे का जागा, तिने विचारलं, तुमचा मुलगा फुकटचं जेवतो शाळेत, अनाथ म्हणून. बोलाचाली वाढत गेली. तेरा वर्षं दोघांनी जे कधी उकरलं नव्हतं ते सगळं त्या संध्याकाळी चुलीसमोर येऊन पडलं. शेवटी मेलिसचा आवाज बसला.

"तुलाच तेवढं दुखतंय असं समजू नकोस," तो म्हणाला. "त्याला पहिल्यांदा घोड्यावर मी बसवला. पडला तेव्हा 'आता' म्हणून ओरडला, बाबाला मारावी तशी हाक, आणि माझ्या हातातून उतरून म्हाताऱ्याकडे पळत गेला. मी तिथेच लगाम धरून उभा. मला काय मजा वाटत होती?"

गुलसायराला हे ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं एका पांघरुणात काढून ठाऊक नव्हतं. कर तुला काय करायचं ते, तो म्हणाला, पण पोराला आधी तू सांग, त्या लोकांच्या तोंडून त्याला कळू देऊ नकोस.

तिने सांगितलं नाही. सांगायला रोज जायची आणि रोज काहीतरी दुसरंच बोलून यायची. मेंढ्यांना पाणी दिलंस का, मोजे वाळलेत, नदीवरून येऊ नकोस, बर्फ पातळ झालाय. समितीच्या भेटीची तारीख कळवणारं पत्र आलं, तेव्हा तिला वाटलं, आता आज सांगावंच. पण खरं कारण ती मनाशी जाणून होती. तो नाही म्हणेल याची तिला भीती वाटत होती, आणि चार परक्या माणसांसमोर तो नाही म्हणायला लाजेल, अशी एक वेडी आशा होती. आशा म्हणावी की लबाडी, कोण जाणे.

समितीच्या दिवशी तिने पहाटेपासून घर घासून काढलं. रजयांची चळत सारखी केली, नवी सतरंजी काढली, मेंढीचं मांस शिजायला ठेवलं. बायस्तानला धुतलेला शर्ट दिला. त्याने विचारलं, कोण येणारे? ती म्हणाली, ते पत्रंवाले. "मग बरंय," तो म्हणाला, आणि याचा अर्थ काय ते विचारायचं तिला धाडस झालं नाही.

तिघं आली. मीरगुल, शाळेच्या बाई, आणि गावच्या कचेरीतला एक माणूस, जो बसल्याबरोबर बोरसोक खायला लागला. त्यांनी पलंग बघितला, पांघरूण बघितलं, दप्तर बघितलं. मेलिस दाराच्या चौकटीत उभा होता, आत न बाहेर. मीरगुलने मुलाला समोर बसवलं आणि आवाज मऊ करून सांगितलं, की या घरातल्या लोकांची इच्छा आहे, की कागदावर जे चुकीचं लिहिलं गेलं ते दुरुस्त करावं. तुला ठाऊक आहे ना आम्ही कशाबद्दल बोलतोय?

बायस्तानने मान हलवली. त्याला ठाऊक होतं.

"मग तू सांग. तुझी आई कोण?"

"माझी आई वारली," तो म्हणाला. "सेयिलकान. मागच्या शरदात."

"आणि या?" मीरगुलने गुलसायराकडे हात केला.

"जेने."

कचेरीतल्या माणसाचं खाणं थांबलं. शाळेच्या बाई खाली बघायला लागल्या. मीरगुलने थोडा वेळ वाट बघितली. मुलाला मत बदलायचं असेल तर वेळ द्यावा, असं कुठेतरी लिहिलेलं असणार. मग तिने विचारलं, जेने कशी वागवते? "चांगली आहे," बायस्तान म्हणाला. "उपाशी ठेवत नाही. कपडे वेळेवर धुते." मीरगुलने ते लिहून घेतलं. गुलसायरा किटलीशी बसली होती. तिने सगळ्यांच्या वाट्या भरल्या. पाहुण्यांनी मांस खाल्लं, दुवा म्हटली, आणि ते गेले.

ती बायस्तानच्या मागे मेंढ्यांच्या गोठ्यात गेली. तो गवत टाकत होता. इतके दिवस न सापडलेले शब्द आता सगळे एकदम तोंडाशी आले आणि ती बोलत सुटली. तुला लाज वाटते ना त्या पत्रांची, म्हणाली, गादीखाली लपवतोस, मी बघितलंय. ते थांबवायचं होतं मला. दुसरं काही नको होतं.

"लपवत नव्हतो," बायस्तान म्हणाला. "ठेवत होतो. त्यांच्यात आपाचं नाव आहे."

तिला समजेना. मग त्याने सांगितलं, सावकाश, गवत उचलायचा आकडा भिंतीला टेकवून. आपा गेल्यावर तिचे कपडे वाटून टाकले. चष्मा कुणीतरी नेला. घरात कुणी त्याच्यासमोर तिचं नाव काढत नाही, आणि तिच्याबद्दल बोलता बोलता तो आत आला की सगळे गप्प बसतात. ती पत्रं तेवढी लिहितात, की माता सेयिलकान. दर वेळी लिहितात.

"शिंगरा," गुलसायरा म्हणाली, "माझ्या पोटातून आलास तू."

"माहितीये. लहानपणापासून माहितीये." त्याचा आवाज चढला नाही, आणि चढला असता तर तिला बरं वाटलं असतं. "तुम्ही मला दिलंत. आपाने घेतलं. आता ती नाही, तर तुम्ही म्हणता तिला सोड. जेने, मी नाही कुणाला देऊन टाकणार."

त्याने आकडा उचलला आणि गवत टाकायला लागला. गुलसायरा उभी राहिली. मी दिलं नव्हतं, मला विचारलं नव्हतं, मी एकोणीस वर्षांची होते, असं सगळं सांगता आलं असतं. पण नाही तरी कुठे म्हटलं होतं तिने? पोराचं बोलणं खोटं नव्हतं. तिला वाटलं, याला असा सरळ आणि इमानी केला तो म्हातारीनेच, आणि तिच्यावर रागवायलाही आता जागा उरली नाही. मेंढ्या तिच्या पायांना घासत गवताकडे जात होत्या. काही वेळाने ती घरात जाऊन भांडी घासायला बसली.

पालनकर्तीचा अर्ज तिने त्याच आठवड्यात भरला. 'बालकाशी नाते' या जागी लिहिलं, भावाची पत्नी. मीरगुलने शिक्का मारला आणि निघताना तिचा हात क्षणभर धरला. गुलसायराला तेवढीही दया नको होती.

पत्रं यायची थांबली नाहीत. फक्त पाकिटावर आता गुलसायराचं नाव असायचं, आणि वेनेरा ते वाचण्याआधी आवाज जरा खाली आणायची. पालनकर्तीने दर सहा महिन्यांनी बालकाचा अहवाल पाठवायचा होता. पहिला अहवाल शरदात भरायचा आला. मेलिस ट्रक घेऊन डोंगरात गेला होता, बेगिमाय शेजारी खेळायला. गुलसायरा जेवणाच्या सतरंजीवर कागद पसरून बसली, बायस्तान समोर रोटी मोडत होता. उंची विचारली, तर तो उठून दाराला पाठ लावून उभा राहिला, आणि तिने हात वर करून माप घेतलं; तो तिच्याहून उंच झाला होता. वजन, शाळेतले गुण, दात, आजार. एकेक तो सांगत गेला, ती लिहीत गेली. असं शेजारी बसून दोघांनी मिळून काही केल्याला खूप दिवस झाले होते, आणि नाही म्हटलं तरी तिला ते बरं वाटत होतं.

शेवटच्या पानावर होतं, 'बालकाच्या रक्ताच्या नात्यातील हयात व्यक्ती'. तिने ते मोठ्याने वाचलं.

"बाइके," बायस्तान म्हणाला. तिने लिहिलं, भाऊ, मेलिस.

"बेगिमाय." तिने लिहिलं, पुतणी.

खाली आणखी ओळी रिकाम्या होत्या. गुलसायराने पेन उचललं नाही, कागदावरून नजरही काढली नाही.

"आणखी कोणी?" तिने विचारलं.

रोटीचा तुकडा त्याच्या हातात तसाच राहिला होता. तिला त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि तेवढ्या वेळात तिने स्वतःचं सगळं आयुष्य त्या एका उत्तरावर पणाला लावलं.

"नाही," तो म्हणाला. "एवढेच."

तिने उरलेल्या ओळींवर आडवी रेघ मारली, खाली सही केली. मग किटली उचलून त्याची वाटी भरली, आणि तो वाटी घेताना म्हणाला, पुरे, जेने.